उकंडतात्याचा गळा आन् गिलासातले बुडबुडे

उकंडतात्याला जाऊन आता सव्वा महिना झाला. कोनाड्यात त्यांचा स्टीलचा गिलास तसाच हाय, गिलासात नळी तशीच. कोणी उचलत न्हाई. पण तात्याची गोष्ट रडत सांगायला घेतली तर घसा दाटतो, मंग माणूस खाकरतो, आन् खाकरायला तर तात्यानं शेवटी शेवटी साऱ्या गावाला बंदी केली व्हती. म्हणून ती हसतच सांगावी लागती.

आधीची दोन लेकरं वाचली न्हाईत म्हणून आईनं ह्यांना जन्मल्याबरोबर घडीभर उकंड्यावर ठेवलं व्हतं, नजर लागू नये म्हणून. त्यावरून नाव उकंड. तात्या म्हणायचे, "तिथं मी जो टाहो फोडला तो पार वढ्यापलीकडं गेला. तवाच ठरलं, हे पोरगं गवई व्हणार."

गाव वसमतच्या अलीकडं, डांबरी सोडून आत. तात्याचं तीन एकर रान, रानात हळद. मारुतीच्या देवळातल्या भजनी मंडळाचे तात्या म्होरके. पण खरं नाव झालं ते लग्नात. आजूबाजूच्या धा गावात कुठंबी लग्न असू द्या, शेवटचं मंगलाष्टक तात्याचं. ते त्यांनी सोता जुळवलेलं, तरणेपणी, लग्न झाल्याच्या वर्षी. शेवटच्या 'सावधान' मधला 'धा' ते असा धरून ठेवायचे की अक्षता घेतलेल्या बाया हात बदलायच्या. एका लग्नात बँडवाल्याला वाटलं संपलं, त्यानं वाजवायला घेतलं. तात्या थांबले न्हाईत. बँडवालाच थांबला.

माईक ते घेत नसत. "माईक म्हणजे पांगुळगाडा," म्हणायचे. "ज्याला चालता येतं त्याला काहून लागतो?" आन् पट्टी एवढी वरची धरायचे की मानेच्या शिरा लांबून मोजाव्यात. शब्द कोणाला कळत नसत. पण मंगलाष्टकातले शब्द कोण ऐकतं? आवाज रोडपोतर गेला म्हणजे झालं, असं तात्याचंबी मत आन् गावाचंबी.

मंडळात कोणी नवीन आलं की तात्या त्याला पहिल्या दिवशी देवळाच्या फरशीवर उताणं झोपवायचे आन् पोटावर वरवंटा ठेवायचे.

"आवाज बेंबीतून काढायचा. वरवंटा उडाला पाहिजे."

हा वरवंटा घरचा. म्हणून गुरुवारी, भजनाच्या दिवशी, गोजरकाकूच्या घरात चटणी नसायची. गोजरकाकू म्हणजे तात्याची बायको. बोलायला तिखट, आन् गुरुवारी तर जास्तच.

"अहो, तेवढं तिखट बी त्याच्या बेंबीवरच वाटून आणा," म्हणायची.

दुसरा धडा तुपाचा. गायच्या आधी वाटीभर कोमट तूप, मिरपूड घालून. गळ्याला वंगण. तात्या म्हणायचे, "इंजिनाला आईल लागतं का न्हाई?" मंडळातला मृदंगवाला रामप्रसाद, बाजूच्या तांड्यावरचा, तात्याचा जिवाचा माणूस. त्यानं वंगणाचा सल्ला एवढा मनावर घेतला की मृदंगाचा पट्टा त्याला दोन वर्सात तीनदा वाढवावा लागला. तिसरा धडा थंडीत सकाळी कॅनालच्या पाण्यात गळ्याइतकं उभं राहून 'सा' लावायचा. तो धडा बाकी कोणीच पुरा केला न्हाई, तात्या एकटेच उभे राहायचे, आन् काठावर गोजरकाकू टावेल घेऊन. ती तिथं बोलायची न्हाई. टावेल मातर त्यांच्या अंगावर फेकायची.

आता मेन गोष्ट. गेल्या साली तात्याच्या नातीचं, वैष्णवीचं, लग्न ठरलं. पोरगा कनेरगाव नाक्याकडचा. साखरपुडा झाला आन् वैष्णवी तात्याजवळ येऊन बसली.

"तात्या, शेवटचं मंगलाष्टक तुमीच म्हणायचं."

"मंग काय बँडवाला म्हणणार?"

"न्हाई, त्यांच्याकडं एक हाय म्हणे म्हणणारा. त्यांच्या मोठ्या मामाचा मानाचा माणूस. मी सांगून ठेवलं, तात्यानं म्हणल्याबिगर मी माळ उचलणार न्हाई."

तात्याला त्या दिवशी भाकर गोड लागली. पण सदुसष्टावं चालू व्हतं. गेल्या दोन लग्नात 'धा' मधीच फाटला व्हता, आन् तो फटाक्याच्या आवाजात झाकून गेला व्हता. हे फक्त दोघाला माहीत, तात्याला आन् फटाकेवाल्याला. नातीच्या लग्नात, नाक्याकडच्या मोठ्या मामासमोर, 'धा' फाटला तर?

लग्न वैशाखात. मधी हळदीचा सीजन. हळद शिजवून, वाळवून झाली की ती लोखंडी ड्रममधी घालून फिरवतेत, पॉलिश करतेत. वरची साल घासून जाती, गाठ सोन्यावाणी चमकती, आन् धुराळा असा उडतो की बाजूच्या रानातला पांढरा बैल पिवळा व्हतो. कामावरची माणसं तोंडाला फडकं गुंडाळून उभी राहतेत.

तात्या बिनफडक्याचे ड्रमजवळ उभे राहिले आन् त्यांच्या डोक्यात उजेड पडला.

"रामप्रसाद," ते म्हणले, "दुधातून हळद घेतली तर घसा मोकळा व्हतो का न्हाई?"

"व्हतो ना, तात्या."

"ती दुधात भिजलेली. पोटात जाऊन मंग गुण देणारी. तीच हळद सुकी, सरळ, थेट घशात गेली तर?"

रामप्रसादनं डोकं खाजवलं. "मंग तर लई मोकळा व्हईल."

दुसऱ्या दिवशीपासून सारं भजनी मंडळ ड्रमसमोर रांगेत उभं. तात्या सांगायचे, श्वास घ्या, बेंबीपोतर, धरा, सोडा. ज्याच्या रानात ड्रम, त्याच्या रानात मंडळ. आज ह्याच्याकडं, उद्या त्याच्याकडं. शेतवाले खुश, कारण श्वास घेता घेता मंडळ पोतेबी धरू लागायचं. संध्याकाळी अकरा गडी पिवळ्या मिशा, पिवळ्या भुवया घेऊन गावात यायचे. कोणी पाव्हणा विचारायचा, अकराच्या अकरा नवरदेव व्हय?

गोजरकाकू म्हणली, "लगीन नातीचं, आन् हळद तुमी लावून राहिले."

पाडव्यापोतर मंडळातल्या सातजणाला खोकला लागला. तात्याचा आवाज बसला. बसला म्हणजे कसा, रिकाम्या तेलाच्या डब्यात खडा हलवावा तसा. तात्या म्हणले, हे आतली घाण निघून राहिली, चांगलं लक्षण हाय. तुपाची वाटी वाढवली. आठ दिवसानं खडाबी वाजायचा बंद झाला, नुसता डबा राहिला.

मंग तात्यानं मौन धरलं. मौन म्हणजे बोलणं बंद न्हाई, कुजबुजणं चालू. कानाजवळ येऊन फुसफुस करून सांगायचे, चहात साखर कमी हाय. गडी रानात, तात्या बांधावर, आन् तिथून कुजबुजत सूचना. गडी म्हणायचा, साप व्हय का तात्या व्हय, कळून नाही राहिलं.

एका सकाळी भाकरी थापता थापता गोजरकाकूचा हात थांबला. "चाळीस वर्सात पहिल्यांदा घर शांत झालं," ती चुलीकडं बघत म्हणली. "मला वाटलं व्हतं बरं वाटल." आन् भाकर तव्यावर टाकली. तात्यानं पाठीमागून ते ऐकलं आन् पहिल्यांदा त्यांना भेव वाटलं. हसण्यावारी नेता येण्यातलं भेव नव्हतं ते.

त्याच आठवड्यात संध्या आली, कुरडया करू लागायला. संध्या म्हणजे तात्याच्या बहिणीची पोरगी. नांदेडला एका कान-नाक-घशाच्या डॉक्टरकडं ती आवाजाचे व्यायाम शिकवती. ज्याचा आवाज बसला त्याला बोलायला शिकवायचं, गाणाऱ्याला गायला. तात्याला ह्या नोकरीचं लई हसू यायचं. बोलायला काय शिकवायचं, म्हणायचे, लेकरू सोता शिकतं.

संध्यानं मामाचं "ये बाई" ऐकलं आन् कुरडईचा सोऱ्या खाली ठेवला.

"मामा, हे कवापासून?"

तात्या कुजबुजले, "हळदीनं साफ व्हऊन राहिलंय."

"कुजबुजू नका. कुजबुजण्यानं आराम मिळत न्हाई, उलट बऱ्याच जणाचा गळा जास्त आवळतो. बोलायचं तर हळू, पण साध्या आवाजात बोला."

"कोण म्हणलं?"

"मी म्हणते म्हणून मानू नका." संध्या पाटावर बसली. "मामा, कढईतली हळद शिजली का न्हाई, कसं ठरवता?"

"काडी टोचून."

"भट्टीवाला म्हणला शिजली, तरी?"

"तरी टोचायची. त्याच्या बोलण्यावर उतरवली तर आत कच्ची निघती."

"मंग गळ्याचं चाळीस वर्स काहून बिनकाडीचं चालवलं?"

उत्तर गोजरकाकूला सुचलं. "कारण काडी टोचायला हे कधी गप बसले का?"

दुसऱ्या दिवशी सकाळच्या एसटीनं तिघं नांदेडला. डॉक्टरनं तोंडातून बारीक दुर्बीण घातली, तात्याला 'ई' म्हणायला लावलं, आन् समोरच्या टीव्हीवर गळा दिसला. दोन पांढरट पट्ट्या, उघडतेत, मिटतेत.

"हेच का?" तात्यानं विचारलं.

"हेच. इथून आवाज निघतो."

"एवढंसं?" तात्यानं करंगळीचं नख बघितलं, मंग टीव्ही बघितला. "आन् बेंबी कुठं हाय ह्यात?"

डॉक्टर हसले, पण संध्या हसली न्हाई. तिनं नीट समजून सांगितलं. पोट हवा सोडायचं काम करतं, भात्यासारखं. भाता पाहिजेच. पण आवाज हितं व्हतो, ह्या दोन पट्ट्यात, आन् मंग तोंडात घुमून मोठा व्हतो. वरवंटा उडवून पट्ट्या सुधरत न्हाईत. त्या पट्ट्यांच्या कडा सुजलेल्या दिसत व्हत्या, लाल, आन् दोन्हीकडं बारीक घट्टे. कोळप्याच्या दांडीनं हाताला पडतेत तसे.

"वरच्या पट्टीत जोर लावून लावून पडले," संध्या म्हणली. "त्यात खाकरणं. खाकरलं की ह्या दोन पट्ट्या एकमेकीवर आपटतेत. आन् वरून तो धुराळा."

तात्यानं टीव्हीवरून नजर काढली. मंग म्हणले, "तूप?"

"मामा, खाल्लेलं-पिलेलं ह्या पट्ट्याला लागतच न्हाई. दोन नळ्या हायेत. गिळताना हवेच्या नळीवर झाकण पडतं. एक थेंब जरी चुकून तिकडं गेला तर ठसका लागतो."

"म्हणजे चाळीस वर्साचं वंगण..."

"पोटात गेलं."

मागं स्टुलावर बसलेली गोजरकाकू पदर तोंडाला लावून हलून राहिली व्हती. तात्याला वाटलं रडली. रडली नव्हती.

"मंग पाणी बी लागत न्हाई म्हण."

"वरून लागत न्हाई. पण पाणी पीत राहायचं. ठिबकचं पाणी पानावर पडतं का? मुळातून जातं. तसं अंगातून जातं, उशिरानं."

"आन् हळदीचं दूध?"

"गरम पिलं की घशाला बरं वाटतं, तेवढं खरं. आवाजाला गुण येतो का, ते मला माहीत न्हाई. कोणी नीट तपासलं असल तर वाचून सांगते."

तात्यानं मान वर केली. चाळीस वर्सात त्यांना गळ्याचे सल्ले देणारे शंभर भेटले व्हते. 'माहीत न्हाई' म्हणणारी ही पहिली. तिथून तात्यानं संध्याचं मानलं.

"लग्नात म्हणता येईल का?" त्यांनी विचारलं.

"सहा आठवडे हायेत. सूज उतरली आन् तुमी ऐकलं तर येईल. जुन्या पट्टीत न्हाई. आन् माईक घ्यावा लागल."

परत येताना एसटीत तात्या खिडकीजवळ बसून राहिले. माईक. मोठ्या मामासमोर पांगुळगाडा.

व्यायाम असा. गिलासात पाणी, पाण्यात थंड पेयाची नळी, दोन बोटं बुडालेली. नळी ओठात धरून 'ऊ' चा सूर लावायचा, पाण्यात बुडबुडे आले पाहिजेत. खालून वर, वरून खाली. गळ्यावर जोर पडत न्हाई, पट्ट्या अलगद हलतेत. दिवसातून पाचदा. दुसरा व्यायाम ओठाची फुरफुर, लेकरं ट्रॅक्टर चालवतेत तशी.

पहिल्या दिवशी तात्या ओट्यावर बसले, मिशा सावरल्या, नळी धरली. बुडबुड, बुडबुड. गोठ्यातल्या वगारीनं दावं ओढून मान लांब केली. समोरून जाणारा एकजण उभा राहिला.

"तात्या, हुक्का व्हय?"

तात्याला बोलायचं नव्हतं. त्यांनी बुडबुड्यातूनच उत्तर दिलं. तो म्हणला, "बराबर हाय," आन् गेला.

फुरफुर करत ते रानात निघाले की म्होरचे लोक बाजूला व्हायचे, ट्रॅक्टर आला समजून. गोजरकाकू म्हणायची, "हॉर्न बी शिकवा म्हणावं भाचीला."

रामप्रसादला मातर हे पटलं न्हाई. "तात्या, तुमी तूप सोडलं, ड्रम सोडला. ह्या नळीनं कोणी गवई झाला का?"

"मंग काडी टोचू," तात्या हळू, साध्या आवाजात म्हणले. "तू ड्रम आन् तूप चालू ठेव. मी नळी. दोन आठवड्यानं बघू."

वैष्णवीनं मोबाईलमधी दोघांचा 'आ' भरून घेतला. घड्याळ लावून. तात्याचा सहा सेकंद टिकला, रामप्रसादचा अकरा. रामप्रसाद पोटावर हात फिरवत हसला. दोन आठवडे एका ओट्यावर बुडबुड आन् दुसऱ्या बाजूला ड्रमची घडघड. दोन आठवड्यानं परत भरलं. तात्याचा तेरा. रामप्रसादचा सात, आन् सातव्याला जो ठसका लागला तो पाणी पाजून थांबवावा लागला. दोन्ही आवाज संध्याला पाठवले.

ती फोनवर म्हणली, "दोन माणसावर काय ठरत न्हाई, मामा. एकाला साधी सर्दी बी असू शकती. पण नळीचं काम पुष्कळ लोकांवर तपासलेलं हाय, म्हणून मी ते शिकवते. आन् रामप्रसादमामाला सांगा, फडकं बांधा."

रामप्रसादनं फोन ऐकला, गुपचूप कोनाड्यातली दुसरी नळी घेतली आन् तात्याशेजारी बसला. गुरुवारी मंडळात अकरा गिलास आले. वरवंटा घरी राहिला. त्या गुरुवारी तात्याच्या घरात हिरव्या मिरचीची चटणी झाली, आन् गोजरकाकूनं ती साऱ्या मंडळाला वाढली.

खाकरणं सुटायला वेळ लागला. तात्यानं नेम केला, जो खाकरल त्यानं एक घोट पाणी प्यायचं. देवळात भजन कमी आन् पाणी जास्त झालं, माणसं उठून उठून भाईर जायची. पण सुटलं.

लग्नाचा दिवस आला. मांडव रानात, ऊन मोकार. नाक्याकडची दोन गाड्या माणसं उतरली, म्होरं नवरदेवाचे मोठे मामा, तांबडा फेटा. त्यांच्यासोबत तो मंगलाष्टकवाला, मान ताठ, गळ्यात मफलर, वैशाखात. सारखा खाकरून राहिला व्हता.

तात्यानं मांडवामागं मंडळ जमवलं. अकरा गिलास, अकरा नळ्या. बुडबुड सुरू झाली. आन् मोठे मामा हात धुवायला नेमके तिकडंच आले.

त्यांनी बघितलं. अकरा फेटेवाले गोल बसलेत, डोळे मिटून, नळ्या तोंडात. मामाचा चेहरा उतरला. ते तडक वैष्णवीच्या बापाकडं गेले.

"का बाप्पा, आमची मानसं का उपरी हायेत? तुमच्याकडच्यांले गिलास अन् नळ्या, आमाले काऊन नाई? मान द्यायचा तं दोन्ही बाजूंले द्यावं लागते."

मान न्हाई, व्यायाम हाय, म्हणावं तर लग्नात व्यायाम कोण करतं? मुहूर्त जवळ आलेला. आन् नवरदेवाचा मामा रुसलेला. वैष्णवीच्या बापानं सरळ थंड्याच्या गाड्यावरून नळ्याचा गठ्ठा आणला.

नाक्याकडची पंधरा म्हातारी माणसं सतरंजीवर बसली. रामप्रसाद त्यांना शिकवायला. "दोन बोटं, जास्त न्हाई. नुसतं फुकू नका, सूर लावा." मोठ्या मामानं पहिला बुडबुडा काढला आन् आजूबाजूला बघितलं, बराबर झालं का म्हणून. मंग सव्वीस माणसं एका सुरात. मांडवात एखादं मोठं पातेलं उकळून राहिल्यावाणी आवाज. भटजीनं पंचांगातून मान काढली. माळ घेऊन उभी राहिलेली वैष्णवी एवढी हसली की मुंडावळ्या कानावर गेल्या. फक्त मफलरवाला बसला न्हाई. म्हणला, असल्या नळ्यांनी गळा खराब व्हतो.

"देल्ला मान घेत नाई का बे तू?" मोठे मामा नळी काढून म्हणले. तो बसला.

अंतरपाट धरला. भटजीचं झालं, मफलरवाल्याचं झालं. बुडबुड्यानं त्याचाबी आवाज सुधरला व्हता म्हणे, पण त्यानं ते शेवटपोतर कबूल केलं न्हाई. मंग रामप्रसादनं तात्याच्या हातात माईक दिला. साऱ्या गावानं बघितलं. पाठीमागून कोणीतरी म्हणलं, तात्यानं माईक घेतला. तात्यानं ते ऐकलं. खाकरावं वाटलं. एक घोट पाणी पिले. वैष्णवीनं अंतरपाटाआडून त्यांच्याकडं बघितलं, माळ खाली, त्यांनी म्हणल्याबिगर उचलायची नव्हती ना.

तात्यानं खाली सूर लावला. एवढा खाली की स्वतःलाच अनोळखी. आन् म्हणायला सुरुवात केली.

पहिल्या ओळीत गणपती. दुसऱ्या ओळीत मारुती आन् आजूबाजूच्या गावांचे देव. तिसरी ओळ आली. चाळीस वर्सं प्रत्येक लग्नात तात्यानं म्हणलेली तिसरी ओळ, पण गळ्याच्या शिरा, वरची पट्टी आन् फटाके ह्यात कोणाच्याच कानाला न लागलेली. त्या दिवशी माईकमधून ती अक्षर अक्षर पडली. गोजरीच्या हातची भाकर जशी गोल, तसा ह्या दोघाचा संसार गोल राहो. गोजर रुसली तरी टावेल घेऊन उभी राहते, तसं ह्यांनी एकमेकाला उभं राहावं.

टावेलाचं तात्यानं मागून घातलेलं, कॅनालच्या वर्षी. बाकीचं लग्नाच्या सालापासूनचं.

मांडवात बाया गोजरकाकूकडं वळल्या. गोजरकाकूच्या मुठीतल्या अक्षता तशाच.

"मला वाटलं, संस्कृत हाय," ती म्हणली.

शेवटी 'सावधान' आलं. 'धा' लांबला न्हाई. जेवढा श्वास तेवढा, गोल, आन् शेवटाला न फाटता मिटला. बँडवाला मातर वाट बघत राहिला, तात्याचा 'धा' म्हणून. रामप्रसादनं त्याला ढोसलं, तवा वाजलं. माळा पडल्या. अक्षता उडाल्या. गोजरकाकूनं मुठीतल्या अक्षता नवरा-नवरीवर टाकायच्या सोडून तात्याच्या डोक्यावर टाकल्या, आन् टाकल्यावर तिच्या ध्यानात आलं, मंग पदरानं झाडल्या.

जेवायला बसल्यावर मोठे मामा तात्याशेजारी आले. म्हणले, मंगलाष्टक समजलं असं हे पयलंच. आन् हलकेच विचारलं, ती नळी घरी नेली तं चालते का.

त्यानंतर तात्यानं कमी दिवसात पुष्कळ लग्नं गाजवली. सगळी माईकवर, सगळी खालच्या पट्टीत. आन् पहिल्यांदाच गोजरकाकू प्रत्येक लग्नाला जायची. जेवायला थांबायची न्हाई. स्पीकरच्या अगदी जवळ उभी राहायची, तिसरी ओळ ऐकायची, आन् म्हणायची, "ह्या खेपेला गोल नीट म्हणले न्हाईत." तात्या दुसऱ्या लग्नात नीट म्हणायचे. नवीन मंगलाष्टकवाल्यांना तात्या फुकट शिकवायचे, आन् सुरुवात नेहमी अशी, की मी जे चाळीस वर्स शिकवलं ते उलटं लक्षात ठेवा.

दसऱ्याच्या आधी एका सकाळी चहा पिऊन ते ओट्यावर बसले, नळी धरली. बुडबुड चालू व्हती, मंग थांबली. गोजरकाकू आतून म्हणली, "दमलात व्हय?" एवढंच झालं. डॉक्टर म्हणले, हृदय. गळा शेवटपोतर चांगला व्हता.

परवा मारुतीच्या पारावर तुळशीचं लग्न झालं. भटजीचं झालं आन् शेवटच्याला कोणी म्हणायचं म्हणून सारे एकमेकाकडं बघू लागले. रामप्रसाद उठला, माईक घेतला. खाकरायला लागला, मंग आठवलं, थांबला. तसाच पार उतरून गोजरकाकूजवळ आला.

"वहिनी, तिसरी ओळ ठेवू का काढू?"

गोजरकाकूनं पिशवीतून गिलास काढला. तात्याचा न्हाई, तो कोनाड्यातच हाय. दुसरा. नळीबी दुसरी.

"आधी हे कर," ती म्हणली. "दोन बोटं, जास्त न्हाई. मंग म्हण. आन् तिसरी ओळ सावकाश म्हण, समजली पाहिजे."